आंतरजालावरील पाककृती व यंत्रमानव-आव्हानांच्या चित्रफिती : बालप्रेक्षकांच्या दृष्टीने योग्यायोग्यतेचा विचार

प्रस्तावना

ठरावीक वेळेत अवघड पदार्थ करून दाखविणे, टाकाऊ वस्तूंपासून यंत्रमानव तयार करणे किंवा दोन यंत्रमानवांची झुंज लावणे, अशा आव्हानांच्या चित्रफिती आज शालेय वयातील मुले आवडीने पाहतात. त्या मुलांना दाखवाव्यात काय, या प्रश्नाचे उत्तर बहुधा विषयावरून दिले जाते. स्वयंपाक हा घरगुती विषय म्हणून निर्धोक मानला जातो, तर यंत्रमानवांची झुंज हिंसक म्हणून त्याज्य ठरते. प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी केली आहे. चित्रफितीची योग्यायोग्यता तिच्या विषयावर अवलंबून नसून, तिचे अनुकरण किती सुलभ आहे आणि कृतीतील कोणता भाग तीत वगळला आहे यावर अवलंबून आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

ऑगस्ट २०१९ मधील दोन घटना

या प्रश्नावर प्रकाश टाकणाऱ्या दोन घटना एकाच महिन्यात घडल्या. पहिल्या घटनेत यूट्यूबच्या स्वयंचलित तपासणी यंत्रणेने यंत्रमानवांच्या झुंजीच्या काही चित्रफिती 'प्राण्यांवरील क्रौर्य' या सबबीखाली काढून टाकल्या. ही चूक असल्याचे कंपनीने मान्य केले व चित्रफिती पुन्हा उपलब्ध करून दिल्या.

दुसरी घटना चीनच्या शानडोंग प्रांतातील आहे. १४ व १२ वर्षे वयाच्या दोन मुली पत्र्याच्या डब्याखाली अल्कोहोल जाळून मक्याच्या लाह्या फोडण्याचा प्रयत्न करीत होत्या. स्फोट होऊन दोघीही भाजल्या आणि मोठ्या मुलीचा सप्टेंबरमध्ये मृत्यू झाला. कार्यालयात अपारंपरिक साधनांनी पदार्थ करणाऱ्या एका लोकप्रिय कलावतीचे हे अनुकरण होते, असे कुटुंबीयांचे म्हणणे होते. आपली पद्धत निराळी होती, असे त्या कलावतीने सांगितले. तथापि दोन्ही कुटुंबांना तिने आर्थिक साहाय्य दिले.

यंत्रणेला धोका दिसला तो निर्जीव यंत्रांच्या झुंजीत. जीव गेला तो लाह्या फोडताना. विषयावरून निर्णय करण्याची मर्यादा यावरून स्पष्ट होते.

पाककृती : अनुकरणाची सुलभता

स्वयंपाकघर प्रत्येक घरात असते. पाहिलेली कृती करून पाहण्यास लागणारी साधने मुलाच्या हाताशी असतात आणि म्हणूनच धोकाही तेथेच अधिक असतो. शुद्ध इथेनॉलची वाफ सुमारे १३ अंश सेल्सिअस तापमानालाही ठिणगीने पेट घेऊ शकते. नाशिकच्या हिवाळ्यातही दिवसा घरातील तापमान बहुधा याहून अधिक असते. करोनाकाळात घरोघरी पोहोचलेले हातांचे सॅनिटायझरही बहुतांशी अल्कोहोलयुक्तच आहे. अल्कोहोलची ज्योत उजेडात जेमतेम दिसते. ती विझली असे समजून वरून पुन्हा अल्कोहोल ओतले, तर भडका बाटलीपर्यंत पोहोचतो. ही माहिती मनोरंजनाच्या ओघात सांगितली जात नाही.

याउलट, पारंपरिक पाककृतीत प्रमाण आणि क्रम यांना मध्यवर्ती स्थान असते. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा' (१९७०) या पुस्तकाने वाटी-चमच्याची निश्चित मापे देऊन नवशिक्यालाही स्वयंपाक सुलभ केला. आंतरजालावरही हा गुण आढळतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे यांची 'आपली आजी' ही यूट्यूब वाहिनी २०२० मध्ये प्रसिद्धीस आली. आजी पदार्थ करतात आणि नातू चित्रीकरण सांभाळतो. येथे पदार्थ क्रमाक्रमाने सिद्ध होतो आणि विस्तवाजवळ अनुभवी व्यक्ती असते. आव्हानाच्या चित्रफितीत मात्र घड्याळ, पैज आणि अपयशाची फजिती यांनाच महत्त्व येते.

यंत्रमानव : दृश्यामागील परिश्रम

यंत्रमानवांच्या स्पर्धा मुळात शैक्षणिक उपक्रम आहेत. आशिया-पॅसिफिक प्रसारण संघटनेची 'रोबोकॉन' स्पर्धा २००८ मध्ये पुण्यात झाली, तेव्हा तिचा विषय दहीहंडीवर आधारलेला होता. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील 'टेकफेस्ट'मध्ये यंत्रमानवांच्या झुंजी संरक्षक भिंतींच्या रिंगणात होतात. त्या घरी सहजासहजी करता येत नाहीत. म्हणून अनुकरणाचा धोका तुलनेने कमी राहतो. परंतु तो नाहीसा होत नाही. लिथियम बॅटरी दाबली किंवा भोसकली गेल्यास पेट घेऊ शकते आणि अशा बॅटऱ्या आज खेळण्यांतही असतात.

दुसरी हानी अधिक सूक्ष्म आहे. अनेक आठवड्यांचे फसलेले प्रयत्न काही मिनिटांत बसवले, की यंत्रनिर्मिती हा चमत्कार वाटू लागतो. वस्तुतः काळाचा संक्षेप हा दोष नव्हे. पुढे नाशिकला कर्मभूमी मानणाऱ्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित करून काही क्षणांत दाखविली होती. तेथे काळ आक्रसला, पण वाढीचा क्रम अबाधित राहिला. आव्हानाच्या चित्रफितीत बहुधा हा क्रमच लोप पावतो.

कायद्याची व्याप्ती

अमेरिकेत बालकांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा केल्याच्या आरोपावरून गूगल व यूट्यूब यांनी २०१९ मध्ये १७ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. त्यानंतर जानेवारी २०२० पासून 'मुलांसाठी निर्मित' असा निर्देश आवश्यक झाला. हा निर्देश प्रामुख्याने निर्माता स्वतः करतो व त्याचा संबंध माहितीच्या संरक्षणाशी आहे. तो सुरक्षिततेचा दाखला नव्हे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानून, त्यास उद्देशून केलेल्या लक्ष्यित जाहिरातींना मनाई केली आहे. मात्र चित्रफितीतील कृती सुरक्षित आहे किंवा नाही, याचा निर्णय हा कायदा करीत नाही. पडद्यासमोरील वेळेवरील मर्यादा आवश्यक असली तरी तीही येथे अपुरी पडते. कारण धोकादायक कृती शिकण्यास दोन मिनिटे पुरतात.

योग्यायोग्यतेचे निकष

उपरोक्त विवेचनावरून पुढील चार निकष सुचविता येतात.

१. विस्तव, वाफेचा दाब, अल्कोहोल, वीज वा बॅटरी यांचा वापर असल्यास धोक्याची आणि दक्षतेची स्पष्ट माहिती दिली आहे काय?
२. साहित्य, प्रमाण व क्रम पूर्ण दाखविला आहे काय?
३. अपयशाचे कारण सांगितले आहे, की केवळ हसण्यासाठी अपयश दाखविले आहे?
४. वस्तूची जाहिरात असल्यास ती मुलाला ओळखता येईल अशी आहे काय?

पहिला निकष पूर्ण न करणारी चित्रफीत लहान मुलाने एकट्याने पाहू नये. उर्वरित निकषांत उणी ठरणारी चित्रफीत मोठ्यांसोबत पाहून तिच्यातील वगळलेला भाग चर्चेने भरून काढता येईल.

समारोप

सरसकट बंदी किंवा सरसकट मुभा, हे दोन्ही मार्ग मुलाला विचार करण्यास शिकवीत नाहीत. नाशिकमधील गृहविज्ञान, शिक्षणशास्त्र, रसायनशास्त्र व अभियांत्रिकी यांच्या अध्यापकांनी एकत्र येऊन अशा चित्रफितींचे परीक्षण केल्यास पालकांना विश्वासार्ह मार्गदर्शन मिळेल. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा इयत्ता सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. चित्रफितीत पाहिलेली कृती जाणत्याच्या देखरेखीखाली करून पाहण्यास अशा जागा उपयुक्त ठरतील. मुलाचे कुतूहल दडपण्यापेक्षा त्याला सुरक्षित जागा आणि सोबत देणे, हीच या बाबतीत शिक्षकाची जबाबदारी आहे.