हेड चढले, आता कॅमशाफ्ट

गाडीचे हेड उतरवावे लागणार, असा गॅरेजमधून फोन आला की घरातला सगळा हिशेब बदलतो. टुरिस्ट टॅक्सीवर, शाळेच्या व्हॅनवर किंवा लग्नसराईत भाड्याने जाणाऱ्या गाडीवर चालणारी घरे आपल्यात कमी नाहीत. ज्यांचा मुलगा गॅरेजात हात काळे करतो अशी घरेही पुष्कळ आहेत. गाडी अडून राहिली तर पहिल्या घराचा हप्ता थकतो. काम बिघडले तर दुसऱ्या घरातल्या पोरावरचा उस्तादांचा भरवसा जातो. हेडच्या कामात हे दोन्ही नुकसान होण्याची जागा बहुधा एकच असते. मशीन शॉपमधून हेड घासून, व्हॉल्व्ह बसवून आलेले असते, इंजिनवर चढलेले असते, आणि दोन्ही कॅमशाफ्ट परत बसवायचे तेवढे राहिलेले असते. मोठा खर्च होऊन गेलेला असतो आणि सगळ्यांना घाई झालेली असते.

आम्ही मेकॅनिक नाही, शाळेत विज्ञान शिकवतो. पण आमचे काही जुने विद्यार्थी या धंद्यात आहेत आणि शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे स्टूल ओढून बसण्याची आम्हाला सवय आहे. तिथे पाहिलेले आणि समजून घेतलेले इथे मांडतो.

कॅमशाफ्ट म्हणजे अंडाकृती उंचवटे असलेला दांडा. प्रत्येक उंचवटा आपापल्या व्हॉल्व्हला दाबून उघडतो आणि स्प्रिंग त्याला परत मिटवते. इंजिनचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, दोनदा फिरला की कॅमशाफ्ट एकदाच फिरतो. इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्यांनी चालत असेल तर कॅमच्या फेऱ्या होतात 1500. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो आणि मिटतो. इतक्या वेगात थोडीशी चूकही खपत नाही.

जुन्या उस्तादांना या टप्प्याचे फारसे भय नसे, आणि त्याला कारण होते. मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी किंवा अँबॅसडर यांचा कॅमशाफ्ट खाली, इंजिनच्या ब्लॉकमध्ये असायचा आणि वर व्हॉल्व्हपर्यंत लांब सळ्या जायच्या. हेड कितीदाही उतरवा-चढवा, कॅमला हात लागत नसे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. आजच्या 16 व्हॉल्व्हच्या इंजिनात दोन कॅमशाफ्ट हेडच्याच डोक्यावर बसतात, एक हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हसाठी आणि दुसरा धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हसाठी. आता हेड उतरले की कॅमही निघतात. हात जुन्या सवयीचा आणि इंजिन नवे, अशी गाठ पडली की घोटाळा होतो.

कॅमशाफ्ट हेडच्या ॲल्युमिनियममध्येच थेट फिरतो. त्याला वेगळे बेअरिंग बहुतेक इंजिनांत नसते. खाली अर्धा गोल हेडचा आणि वर अर्धा गोल कॅपचा. कारखान्यात कॅप बसवूनच ते गोल एका रेषेत कोरलेले असतात, म्हणून प्रत्येक कॅप फक्त आपल्याच जागेची आणि आपल्याच दिशेची. त्यावर आकडा आणि बाण असतो तो त्यासाठीच. एक कॅप हरवली तर दुसऱ्या इंजिनची आणून लावता येत नाही. म्हणून हेड मशीन शॉपला जाताना कॅप डब्यात एकत्र कालवणाऱ्या पोराला उस्ताद रागावतात, ते बरोबरच करतात.

बसवण्याआधी सगळे पुसून कोरडे, मग कॅमच्या उंचवट्यांवर आणि बैठकांवर भरपूर तेल. सुरुवातीच्या क्षणांत पंपाचे तेल वर पोचलेले नसते, तेव्हा हेच तेल कॅमला वाचवते. बोल्टच्या छिद्रात मात्र तेल साचलेले नको. तेल दाबले जात नाही, त्यामुळे बोल्ट आवळताना ॲल्युमिनियम तडकू शकते.

त्याहीआधी क्रँककडे पाहावे लागते. चार सिलिंडरच्या इंजिनात 1 आणि 4 नंबरचे पिस्टन एकत्र वर येतात तेव्हा 2 आणि 3 तळाशी असतात. तिथून क्रँक पाव फेरी फिरवला की चारही पिस्टन मध्यावर थांबतात. आता कॅम कसाही फिरला तरी उघडलेला व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळायला जागाच नाही. हे करायला मिनिटभरही लागत नाही. हे न करता कॅम आवळल्याने नवेकोरे व्हॉल्व्ह वाकून हेड पुन्हा उतरवावे लागल्याची उदाहरणे कोणत्याही जुन्या उस्तादांना विचारा, ते सांगतील.

कॅम ठेवला की तो सपाट बसत नाही. काही उंचवटे खाली असतात, ते स्प्रिंगवर टेकतात आणि दांड्याचे एक टोक वर राहते. इथे एका बाजूची कॅप पूर्ण आवळली की दांडा वाकवल्यासारखा होतो. ओतीव लोखंडाचा कॅम कडक असतो, पण लवचीक नसतो. तो तुटतो किंवा कॅपला चीर जाते. म्हणून मधल्या कॅपपासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूंना जात, प्रत्येक बोल्टला अर्धी-अर्धी फेरी देत, दांडा सगळीकडे सारखा खाली आणायचा. एका दमात व्हायचे काम नाही हे. पाच-सहा वेळा पहिल्या बोल्टकडे परत यावे लागते. शेवटी टॉर्क पाना. हे बोल्ट बारीक असतात, बऱ्याच इंजिनांत जेमतेम 10-12 न्यूटन-मीटरचे. वीस सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला पाच-सहा किलोचा जोर, बस्स! ज्या हाताने चाकाचे नट आवळले त्याच हाताला हा अंदाज कसा यावा? अंदाजपंचे आवळून ॲल्युमिनियमचे आटे निघाले की खर्च वेगळाच.

आता तो भाग, जो सर्वांत जास्त वेळा गाळला जातो. मशीन शॉपमध्ये व्हॉल्व्हची बैठक कापली की व्हॉल्व्ह किंचित आत बसतो आणि त्याची दांडी तितकीच वर येते. कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यात जी फट असायला हवी ती कमी होते. फट उरलीच नाही तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, धगधगता वायू त्याच्या कडेवरून निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो. गाडी गॅरेजमधून उत्तम निघते, पुढे काही महिन्यांनी जोर कमी होतो आणि मालक म्हणतो, एवढे पैसे घालूनही हेच?

म्हणून इंजिन थंड असताना, उंचवटा वर करून, प्रत्येक व्हॉल्व्हची फट फिलर गेजने मोजायची. आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला ती कमी असते, धुराच्या व्हॉल्व्हला जास्त, कारण तो जास्त तापतो. नेमका आकडा त्या-त्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये असतो. समजा हवी 0.20 मिलिमीटर आणि भरली 0.10. तिथली शिम, म्हणजे फट जुळवणारी चकती, 2.80 ची आहे. मग 2.80 मध्ये 0.10 मिळवा आणि 0.20 वजा करा, नवी चकती 2.70 ची. पाचवी-सहावीचे दशांश गणित आहे. गणितात मागे म्हणून शाळा सोडलेला मुलगा हे तोंडी करतो तेव्हा आम्हाला आमच्याच शिकवण्याविषयी प्रश्न पडतो. मॅन्युअल इंग्रजीत असते हे खरे, पण उर्दू किंवा मराठी शाळेत शिकलेल्या पोराला त्यातला आकड्यांचा तक्ता वाचता येतो. त्याला तो दाखवला जात नाही, एवढेच.

चकती टॅपेटच्या खाली असेल तर ती बदलायला कॅम पुन्हा काढावा लागतो, त्याच सावकाशीने. म्हणजे कॅम एकदा बसून भागत नाही. हा दुसरा फेरा ग्राहकाला दिसत नाही आणि बिलातही नीट दाखवता येत नाही, म्हणून तो गाळण्याचा मोह होतो. ज्या इंजिनात फट तेलाच्या दाबाने आपोआप जुळते तिथे चकत्यांचा प्रश्न नाही. बाकीच्यांत सोळा व्हॉल्व्हचे सोळा आकडे कागदावर लिहिलेले असतात. घरातल्या कोणीही तो कागद मागावा. गाडी चालवता न येणाऱ्या अम्मींनी मागितला तरी चालेल. चांगला उस्ताद रागावणार नाही, उलट खूश होईल.

मग टायमिंग. क्रँक पाव फेरी परत खुणेवर, दोन्ही कॅम आपापल्या खुणेवर, आणि चेन किंवा बेल्ट. कॅमच्या चक्राला 40 दाते असतील तर एक दाता चुकणे म्हणजे कॅमचे 9 अंश आणि क्रँकचे 18. गाडी कदाचित सुरू होईल, पण ओढणार नाही. जास्त दाते चुकले तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह भिडतील. चेन ताणणारा भाग सुटला, ताण आला की प्लग काढून क्रँक पान्याने, इंजिनच्याच दिशेने, दोन पूर्ण फेऱ्या फिरवायचा आणि खुणा पुन्हा पाहायच्या. कुठे अडले तर जोर लावायचा नाही, थांबायचे. चेनच्या रंगीत कड्या दोन फेऱ्यांनी खुणेसमोर येत नाहीत, त्याने नवी पोरे घाबरतात. त्या फक्त बसवतानाच्या खुणा असतात. नंतर पाहायच्या त्या चक्रांवरच्या.

शेवटी पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढून, प्लग न लावताच थोडा-थोडा सेल्फ मारतात, मीटरमधला तेलाचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग, फ्यूज आणि खरी सुरुवात. पहिले काही क्षण वरून टकटक ऐकू येते, तेल भरले की ती कमी होते. कमी झाली नाही तर इंजिन लगेच बंद. कमी झाली तर पंखा चालू होईपर्यंत गाडी जागेवरच चालू ठेवून कुठे तेल-पाणी गळते का ते पाहतात, पूर्ण थंड झाल्यावर कूलंटची पातळी भरतात, आणि त्यानंतरच चावी मालकाच्या हातात देतात. हे सगळे एका संध्याकाळी उरकत नाही. गाडी शुक्रवारी मिळेल म्हणाले आणि शनिवार उजाडला, तर एक भाडे बुडेल. तेवढे बुडू द्यावे.