संगणकसाहाय्यित आरेखन
वास्तू, यंत्रभाग इत्यादींची मापयुक्त चित्रे संगणकावर काढणे, त्यांत फेरफार करणे व ती साठविणे या पद्धतीस संगणकसाहाय्यित आरेखन म्हणतात. इव्हान सदरलँड यांनी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे 1963 मध्ये मांडलेली ‘स्केचपॅड’ ही या पद्धतीची आद्य प्रणाली होय. 1982 मध्ये वैयक्तिक संगणकावर चालणारी ‘ऑटोकॅड’ ही आज्ञावली आली आणि ही पद्धत लहान कार्यालयांच्याही आवाक्यात आली.

कागदावर काम करताना आरेखकास प्रमाण आधी ठरवावे लागते. संगणकात रेषा म्हणजे तिच्या दोन टोकांचे सहनिर्देशक. ती खऱ्या मापानेच काढतात आणि प्रमाण केवळ छपाईच्या वेळी देतात. हा भेद नवशिक्यास प्रथम उमजावा लागतो. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय तरंगांच्या वेधशाळेस (लायगो-इंडिया) केंद्रीय मंत्रिमंडळाने 2023 मध्ये बांधकामाची मान्यता दिली. तिच्या आराखड्यात एकमेकींना काटकोनात असलेल्या, प्रत्येकी 4 किमी. लांबीच्या दोन भुजा आहेत. 1 : 5,000 या प्रमाणात प्रत्येक भुजा कागदावर 80 सेंमी. भरते, परंतु 0.25 मिमी. जाडीची शाईची रेषा जमिनीवरील 1.25 मी. व्यापते. अमेरिकेतील याच प्रकारच्या वेधशाळांतील निर्वात नलिकांचा व्यास सुमारे 1.2 मी. आहे, म्हणजे अख्खी नलिका रेषेच्या जाडीतच बुडून जाते. संगणकातील रेषेला अशी जाडी नसते. कोपऱ्याचा बिंदू देऊन ‘@4000<90’ असे लिहिले की त्या बिंदूपासून 90° कोनात 4,000 एककांची रेषा उमटते व त्याच चित्रात नलिकेचा जोडही दाखविता येतो.

मात्र एकक मीटर की मिलीमीटर, हे आधी निश्चित करणे अत्यावश्यक असते. भिन्न एककांतील दोन आरेखने एकत्र केल्यास 1,000 पटींची चूक होते. दृश्य मोठे वा लहान करण्याची सोय असल्याने एकट्या चित्राकडे पाहून ती ध्यानात येत नाही. अक्षरांचेही तसेच : वरील प्रमाणात छापील अक्षर 3 मिमी. उंच हवे असल्यास चित्रात ते 15 मी. उंचीचे लिहावे लागते.

रेषा नजरेच्या अंदाजाने जोडणे हा नवशिक्यांचा नेहमीचा दोष होय. पडद्यावर जुळलेली टोके दृश्य मोठे करताच विलग दिसतात. सीमा बंद नसल्याने क्षेत्रफळ काढता येत नाही, की छेदरेषाही भरता येत नाहीत. यासाठी टोक, मध्य वा छेदनबिंदू अचूक पकडण्याची ‘ऑब्जेक्ट स्नॅप’ ही सोय प्रारंभापासूनच वापरावी. भिंती, मापे, जलवाहिन्या इ. घटक वेगवेगळ्या स्तरांवर (लेयर) ठेवल्यास हवे तेवढेच दाखविता येतात.

संगणकाची अचूकता दिलेल्या आकड्यांपुरतीच असते. द्विमितीय आराखड्यात जमीन सपाट गृहीत धरलेली असते. प्रत्यक्षात कोपऱ्यापाशी क्षितिजसमांतर काढलेली 4 किमी.ची सरळ रेषा दुसऱ्या टोकाशी, पृथ्वीच्या वक्रतेमुळे, समुद्रसपाटीस समांतर अशा पृष्ठाच्या सुमारे 1.25 मी. वर जाते. ही उंची आरेखकास निराळ्या उभ्या छेदात दाखवावी लागते.