परातीतल्या पिठाचा हिशेब

उमरीत कुणाला शुगर निघाली की शेजारीपाजारी हमखास सांगतात, भात सोडा अन् जवारीची भाकरी खा. सल्ला वावगा नाही, पण अर्धाच आहे. भाकरी केवढी अन् किती, हे कुणी सांगत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 68 ग्रॅम कर्बोदके असतात, गव्हाच्या पिठात 64 आणि तांदळात 78. जेवणानंतर रक्तातली साखर मुख्यतः ही कर्बोदकेच वाढवतात. ज्वारीत पांढऱ्या तांदळापेक्षा चोथा बराच जास्त, ही तिची जमेची बाजू. म्हणून ती मोजायचीच नाही असं मात्र नाही.

मोजायचं कसं? भाकरी नव्हे, कोरडं पीठ तोला. पाणी घातलं की वजन वाढतं, कर्बोदके वाढत नाहीत. 50 ग्रॅम पिठाच्या भाकरीत 34 ग्रॅम कर्बोदके. शेतावर न्यायची जाड, परातभर थापलेली भाकरी 90 ग्रॅम पिठाची असेल, तर एकीतच 61. दोन खाल्ल्या की सव्वाशेच्या घरात! घरातली एक वाटी ठरवून तिच्यात किती पीठ मावतं ते एकदा काट्यावर पाहिलं, की रोज तोलत बसायला नको.

गुळाबद्दल तर स्पष्टच बोललं पाहिजे. साखरेच्या जागी गूळ घातलेला चहा शुगरला चालतो, हा समज घातक आहे. गुळातही बहुतांश साखरच असते. उपवासाच्या साबुदाण्यात 100 ग्रॅमला 85 ग्रॅमहून अधिक कर्बोदके असतात. एकादशीला साखर चढते ती यामुळे.

जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्यांना हा हिशेब सर्वांत जास्त उपयोगी पडतो. एका युनिटला किती ग्रॅम कर्बोदके, हे प्रमाण प्रत्येकाचं वेगळं असतं आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं. गोळ्यांवर असणाऱ्यांनी निदान सकाळ-संध्याकाळच्या जेवणातला आकडा फार वरखाली होऊ देऊ नये.

चूक उलट्या बाजूनेही होते. इन्सुलिन घेतलं, कापूस वेचायला गेलं आणि भाकरी राहून गेली, तर हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो. साखर 70 च्या खाली उतरली की 15 ग्रॅम साखर, म्हणजे सपाट तीन चमचे, पाण्यात विरघळवून लगेच प्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. रानात निघताना भाकरीच्या फडक्यातच साखरेची पुडीही बांधून घ्यावी.