हातभर अंतरावर

घाटकोपरच्या लाल बहादूर शास्त्री मार्गावरील एका पेट्रोल पंपापाशी, मे महिन्याच्या भर दुपारी, दुचाकीच्या उघड्या टाकीवर थरथरणारी हवा मला दिसली, आणि ही उन्हाची झळ नसून पेट्रोलची वाफ आहे हे ध्यानात आल्यावर तेथे काही काळ उभे राहिल्यावाचून मला राहवेना. रांग, ‘झिरो बघा’ची सूचना, पैसे, पावती, हा क्रम नित्याचाच, परंतु नोझल धरून त्या वाफेवर पुनःपुन्हा ओणवी होणारी, तोंडाला ओढणी बांधलेली एक मध्यमवयीन बाई काही केल्या नजरेआड होईना. ओढणीने धूळ अडते, वाफ अडत नाही. “वास आता मला कळतच नाही, दादा,” ती म्हणाली, “लेक म्हणते, आई, तुझ्या कपड्यांना येतो.”

रिकामी दिसणारी टाकी वस्तुतः वाफेने भारलेल्या हवेने भरलेली असते. लिटरभर पेट्रोल आत गेले की साधारण तितकीच हवा बाहेर लोटली जाते, आणि पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळे वारा नसला तर माणसांच्या पायांशीच घोटाळत राहते. त्या वाफेत बेन्झीन असते, जे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवास निश्चितपणे कर्करोगकारक ठरविलेले असून रक्ताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. 1 एप्रिल 2020 पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज 6 पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण 1 टक्क्याच्या आत ठेवावे लागते. पण व्यवस्थापकांनी बोलता बोलता महिन्याच्या विक्रीचा आकडा सांगितला, 1 लाख लिटर, तेव्हा तो 1 टक्का मला अल्प वाटेना. 1 लाख लिटर पेट्रोल म्हणजे जवळजवळ तितकीच वाफाळ हवा, आणि तीही भरवस्तीत.

योगायोग असा की केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी 2020 मध्ये जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हाच आकडा आहे: दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरात महिना 100 किलोलिटर, म्हणजे 1 लाख लिटर, विक्रीची शक्यता असलेल्या नव्या पंपाने वाफ परत खेचणारी यंत्रणा बसवावी. टँकर रिकामा होताना एका नळीने पेट्रोल भूमिगत टाकीत उतरते व दुसरीने तेथली वाफ टँकरमध्ये परत जाते. ही योजना खरोखर सुबक आहे. नोझलपाशीही वाफ शोषून घेण्याची सोय करता येते, परंतु मोटारसायकलच्या रुंद तोंडाच्या टाकीवर नोझल अधांतरी धरावे लागते, आणि आपल्या उपनगरांत तर दुचाकींचीच रीघ.

त्याच सूचनांनुसार शाळा, इस्पितळ व निवासी वस्ती यांपासून नवा पंप 50 मीटर दूर हवा, आणि जागेची अडचण असली तरी 30 मीटरहून जवळ नको. हे योग्यच आहे. मात्र वस्तीसाठी मीटर मोजणाऱ्या या व्यवस्थेने, सबंध पाळीभर त्या वाफेपासून हातभर अंतरावर उभ्या असणाऱ्या बाईला गृहीतच धरलेले दिसते, हे मला अन्यायाचे वाटते. अशा प्रत्येक कामगाराची रक्ततपासणी ठरावीक मुदतीने, मालकाच्या खर्चाने व्हावी. आणि वाचकहो, नोझल आपोआप बंद झाले की तेथेच थांबा. रक्कम पुरी करण्यासाठी ‘अजून थोडं टाका’ असे कृपा करून म्हणू नका.