विश्लेषण : उत्तर सापडले तरी कोडे सुटत नाही! नाताळातल्या ‘क्रिप्टिक’ शब्दकोड्यांचे गूढ काय?

‘नकारानंतर अर्धेच ताळतंत्र उरते, तो डिसेंबरचा सण (३).’ वाचताना एखाद्या घरातले भांडण डोळ्यांसमोर येते. पण इथे भांडणाचा काही संबंध नाही. नकार म्हणजे ‘ना’. ‘ताळतंत्र’चा अर्धा भाग म्हणजे ‘ताळ’. दोन्ही जोडले की ‘नाताळ’. कंसातला आकडा उत्तरातली अक्षरे सांगतो. अशा दुहेरी वाक्यांवर उभ्या असलेल्या खेळाला क्रिप्टिक शब्दकोडे म्हणतात. ब्रिटनमध्ये डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हा खेळ घराघरांत रंगतो. तो इतका का आवडतो? आणि उत्तर मिळाल्यावरही त्यावर चर्चा का चालते?

क्रिप्टिक आणि साध्या शब्दकोड्यात फरक काय?

साध्या शब्दकोड्यात अर्थ दिलेला असतो आणि शब्द शोधायचा असतो. ‘सरिता (२)’ असे असेल तर ‘नदी’ लिहायचे. पण शब्द आठवला नाही, तर पुढे जायला वाट नसते.

क्रिप्टिक कोड्यात प्रत्येक क्लूमध्ये उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा असतात. एक म्हणजे उत्तराचा सरळ अर्थ. दुसरी म्हणजे शब्दखेळ, म्हणजे ते उत्तर अक्षरांतून कसे तयार करायचे याची कृती. सरळ अर्थ वाक्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी असतो, मध्ये कधीच नसतो. दोन्ही वाटा एकाच शब्दावर पोहोचल्या की उत्तर बरोबर आहे याची खात्री पटते. गणितात उत्तराचा ताळा करून बघतात, तसेच हे. गंमत अशी, की दोन भागांची शिवण कुठे आहे ते दिसू नये म्हणून वाक्य मुद्दाम गुळगुळीत केलेले असते.

क्लू फोडायचा कसा?

मूळ खेळ इंग्रजीतला आहे. पण त्याचे मुख्य प्रकार समजण्यासाठी ही मराठीत रचलेली उदाहरणे पाहा.

अक्षरांची अदलाबदल : ‘कलम चुकीचे लावले आणि उगवले चिखलातले फूल (३)’. ‘चुकीचे लावले’ ही अक्षरे हलवण्याची खूण. ‘कलम’ची अक्षरे हलवली की ‘कमल’.

लपलेला शब्द : ‘काका कडीमागे लपवतात कोशिंबिरीचा जिन्नस (३)’. ‘काका कडीमागे’ हे शब्द सलग वाचले, तर पोटात ‘काकडी’ सापडते.

उलटा शब्द : ‘दीन माघारी फिरला, तीच समुद्राला मिळणारी (२)’. ‘दीन’ उलटा वाचला की ‘नदी’.

दोन अर्थ : ‘सरकारला द्यायचा हात (२)’. सरकारला द्यायचा तो ‘कर’ आणि हात म्हणजेही ‘कर’.

याशिवाय शब्दांचे तुकडे जोडणे, एका शब्दात दुसरा बसवणे, उच्चारावर खेळणे असे प्रकार आहेत. नाताळातला एक इंग्रजी विनोद तर घासून गुळगुळीत झाला आहे. क्लू म्हणून पूर्ण इंग्रजी वर्णमाला छापायची, फक्त ‘एल’ हे अक्षर गाळायचे. ‘एल’ नाही म्हणजे ‘नो एल’, आणि ‘नोएल’ म्हणजे ख्रिसमस! ‘सँटा’ची पाच इंग्रजी अक्षरे हलवली की ‘सेटन’, म्हणजे सैतान, तयार होतो. हाही तसाच जुना खेळ.

नाताळाशी नाते कसे जुळले?

शब्दकोड्याचा जन्मच नाताळाच्या तोंडावर झाला. मूळचे लिव्हरपूलचे पत्रकार आर्थर विन यांनी ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’ या अमेरिकी वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीत २१ डिसेंबर १९१३ रोजी पतंगाच्या आकाराचे एक कोडे छापले. नाव होते ‘वर्ड-क्रॉस’. काही आठवड्यांतच नावातल्या दोन शब्दांची अदलाबदल होऊन ते ‘क्रॉस-वर्ड’ झाले.

ब्रिटनमध्ये ‘संडे एक्स्प्रेस’ने १९२४ मध्ये शब्दकोडे आणले. ‘डेली टेलिग्राफ’ने १९२५ मध्ये आणि ‘द टाइम्स’ने १ फेब्रुवारी १९३० रोजी ते सुरू केले. अमेरिकेत शब्दकोडे बहुतांशी सरळ अर्थाचे राहिले. ब्रिटनमध्ये त्याला क्रिप्टिक वळण लागले.

नाताळात त्याला बहर येण्याचे कारण व्यावहारिक आहे. ब्रिटनमध्ये २५ डिसेंबरला बहुतेक वृत्तपत्रे छापली जात नाहीत. दुकाने-कार्यालये बंद, बाहेर थंडी आणि चार वाजताच अंधार. तीन पिढ्या एका घरात जमलेल्या असतात. त्यांना दोन-चार दिवस पुरेल असे काही हवे, म्हणून सणाच्या अंकात मोठे ‘जम्बो’ कोडे देण्याची प्रथा पडली. एरवीची जाळी १५ बाय १५ चौकोनांची असते. जम्बो त्याहून कितीतरी मोठे. एरवी एकट्याने सोडवले जाणारे कोडे या दिवसांत जेवणाच्या टेबलावर येते. आजीला बायबलमधले संदर्भ माहीत असतात, तर नातवाला पॉप गायकांची नावे. दोघांशिवाय जाळी भरत नाही.

दिशाभूल चालते, मग फसवणूक का नाही?

‘ऑब्झर्व्हर’मध्ये १९२६ पासून ‘टॉर्केमाडा’ या टोपणनावाने एडवर्ड पॉइस मॅथर्स कोडी रचत. स्पेनमधल्या धार्मिक न्यायासनाच्या छळासाठी कुप्रसिद्ध असलेल्या अधिकाऱ्याचे हे नाव. त्यांची कोडीही सोडवणाऱ्याचा छळ करणारी होती. १९३९ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर डी. एस. मॅकनट यांनी सूत्रे घेतली. त्यांनी टोपणनाव घेतले ‘झिमेनेस’, तेही तशाच अधिकाऱ्याचे. पण त्यांनी खेळाला शिस्त लावली. १९६६ मध्ये त्यांनी नियमांचे पुस्तकच लिहिले.

नियमांचा गाभा साधा आहे. रचणाऱ्याने वाचणाऱ्याला भलत्या दिशेला नेले तरी चालेल. पण क्लू अक्षरशः वाचला, तर त्यात खोटे काही नसावे. प्रत्येक शब्दाला काम हवे. अक्षरे हलवायची असतील तर तशी खूण हवी. उत्तर नाम असेल तर अर्थही नामाचाच हवा. जादूगार डोळ्यांदेखत फसवतो तेव्हा टाळ्या मिळतात. खिसा कापला तर पोलीस येतात. क्रिप्टिक कोडे या दोहोंतली सीमा पाळते.

नियम किती काटेकोर असावेत, यावर मात्र दोन तट आहेत. काहींना झिमेनेस यांची शिस्त प्रमाण वाटते. काही म्हणतात, गंमत येत असेल तर थोडी ढील द्यावी.

उत्तर मिळाल्यावर परीक्षण कशाला?

अनेकदा आडव्या-उभ्या शब्दांची अक्षरे जुळतात आणि उत्तर अंदाजाने भरले जाते. जाळी पूर्ण होते, पण ते उत्तर का, हे कळलेले नसते. जाणकारांच्या लेखी अशा वेळी कोडे अर्धेच सुटलेले असते. म्हणून प्रत्येक क्लू उलगडून सरळ अर्थ कुठला, खूण कुठली, अक्षरे कुठून आली हे मांडण्याची परंपरा आहे. आज मोबाइलवर एका बटणाने उत्तर उघडता येते. त्यामुळे ‘काय’पेक्षा ‘कसे’ याचे मोल वाढले आहे.

परीक्षण कसे करतात, ते एका उदाहरणाने पाहू. ‘कलम आणि फूल (३)’ असा क्लू दिला तर उत्तर ‘कमल’च येईल. पण अक्षरे हलवण्याची खूणच नसल्याने परीक्षक तो नापास करेल. ‘कलम चुकीचे लावले...’मध्ये खूण आहे. शिवाय ‘लावले’ हा शब्द बागेतही चालतो आणि अक्षरांच्या मांडणीतही. म्हणून तो क्लू उजवा.

दुसरीकडे, वर दिलेल्या ‘दीन माघारी फिरला, तीच...’मधले ‘तीच’ परीक्षकाला खटकेल. दीन पुल्लिंगी आणि नदी स्त्रीलिंगी, त्यामुळे वाक्य जोडताना सांधा दिसतो. उत्तर बरोबर, पण सुतारकाम कच्चे, असा शेरा मिळेल.

‘ऑब्झर्व्हर’ने ही परीक्षा वाचकांनाही देऊ केली. ठरावीक कोड्यांत एका शब्दाचा क्लू वाचकांनी रचून पाठवायचा आणि कोडेकाराने उत्तम क्लूंना क्रम देऊन टिपणासह पत्रक काढायचे, ही पद्धत झिमेनेस यांनी रुजवली. १९७२ पासून जोनाथन क्राउदर यांनी ‘एझेड’ या नावाने ती पुढे चालवली. हे नाव म्हणजेही एक कोडे. ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत हा एक अर्थ, आणि इंग्रजी अक्षरे उलटी वाचली की ‘देझा’, म्हणजे त्याच धार्मिक न्यायासनाचा आणखी एक प्रमुख!

बक्षिसाच्या कोड्यांची उत्तरे प्रवेशिकांची मुदत संपेपर्यंत जाहीर होत नाहीत. सणाच्या कोड्यांसाठी ही मुदत लांबते. दरम्यानच्या काळात अडलेल्या क्लूवर नातेवाइकांत, मित्रांत खल चालतो.

‘अरोकेरिया’ यांचे कोडे आजही का आठवते?

‘द गार्डियन’मध्ये १९५८ पासून कोडी रचणारे जॉन ग्रॅहम हे चर्चचे धर्मगुरू होते. त्यांचे टोपणनाव ‘अरोकेरिया’. महाराष्ट्रातल्या रोपवाटिकांत ख्रिसमस ट्री म्हणून जे झाड विकले जाते, त्याच वनस्पतिकुळाचे हे नाव. त्यातल्या एका जातीला इंग्रजीत ‘मंकी पझल’ म्हणतात, हा त्यातला श्लेष.

सणासुदीची मोठी कोडी ही त्यांची खासियत. मेंढपाळांवरच्या एका प्रसिद्ध ख्रिसमस गीताच्या पहिल्या दोन ओळींची ५९ अक्षरे हलवून त्यांनी येशूजन्माचेच वर्णन करणारे नवे इंग्रजी वाक्य बनवले होते. एकही अक्षर कमी नाही की जास्त नाही. उत्तरे वर्णानुक्रमे द्यायची, पण ती जाळीत कुठे बसतात हे सोडवणाऱ्याने शोधायचे, हा प्रकारही त्यांचाच.

जानेवारी २०१३ मध्ये ‘गार्डियन’च्या वाचकांनी त्यांचे कोडे उघडले. वर एक सूचना होती : अरोकेरिया यांना अमुक क्रमांकाच्या उत्तरातला आजार झाला आहे, तो तमुक क्रमांकाच्या ठिकाणी आहे. वाचक एकेक शब्द सोडवत गेले आणि जाळीत कर्करोग, अन्ननलिका, वेदनाशामक शुश्रूषा असे शब्द उमटत गेले. ९१ वर्षांच्या माणसाने आपल्या आजाराची बातमी वाचकांना त्यांच्या ओळखीच्या भाषेत दिली होती. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला ते गेले.

अर्धशतकाहून अधिक काळ या माणसाने वाचकांची दिशाभूल केली होती. पण खोटे कधी सांगितले नव्हते. म्हणूनच जाळीत उमटलेल्या त्या शब्दांवर वाचकांचा लगेच विश्वास बसला.

भारतात आणि मराठीत काय स्थिती?

‘द हिंदू’ने १९७१ मध्ये स्वतःचे क्रिप्टिक कोडे सुरू केले. पहिले कोडेकार होते निवृत्त ॲडमिरल रामदास कटारी, म्हणजे नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख. आज देशभरात त्याचे निष्ठावंत वाचक आहेत.

मराठी दैनिकांतली शब्दकोडी मात्र बहुतेक सरळ अर्थाची असतात. त्यामागे लिपीचे कारण आहे. इंग्रजीत एका चौकोनात २६ पर्याय. मराठीत बाराखडी धरली तरी एका व्यंजनाची बारा रूपे, आणि ३० व्यंजने धरली तरी पर्याय ३६०. जोडाक्षरे वेगळीच. आडवा-उभा शब्द जिथे छेदतो तिथे काना-मात्राही जुळावी लागते. शिवाय ‘काकडी’ तीन चौकोनांत संपते. तिचाच इंग्रजी शब्द आठ अक्षरांचा. हलवायला अक्षरे कमी पडतात.

पण श्लेष, हुमाण, कूटप्रश्न ही तर घरचीच शिदोरी. ओठांनी उच्चारायची अक्षरे टाळून मोरोपंतांनी ‘निरोष्ठ रामायण’ रचले. अशा भाषेला शब्दखेळाचे वावडे नक्कीच नाही.

नवख्याने सुरुवात कशी करावी?

क्लूची गोष्ट म्हणून कल्पना करू नये. त्याकडे सुटे शब्द म्हणून पाहावे. आधी दोन्ही टोके तपासावीत, सरळ अर्थ तिथेच असतो. फिरणे, मोडणे, लपणे, नशेत असणे असे शब्द दिसले की ती खूण असण्याची शक्यता धरावी. सुरुवातीला लपलेले शब्द शोधावेत, ते डोळ्यांसमोरच असतात. अडले तर उत्तर उघडून पाहावे, मात्र ते कसे आले हे कळल्याशिवाय पुढच्या क्लूकडे जाऊ नये. आणि सोबतीला घरातले आणखी कुणी असेल, तर उत्तमच.