घन अवस्था संचयक, लिनक्स प्रणालीतील

घन अवस्था संचयक (एसएसडी) : फिरत्या चुंबकीय तबकडीऐवजी अर्धसंवाहक स्मृतीत माहिती कायम साठविणारे संगणकाचे साधन. मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीस अर्ध्या फेऱ्यासच सु. ४·१७ मिलिसेकंद लागतात. वाचनशीर्ष सरकविण्याचा काळ निराळा. एसएसडीत हलणारा भागच नसल्याने विखुरलेली माहितीही सु. एक दशांश मिलिसेकंदात हाती येते.

यातील नँड प्रकारची फ्लॅश स्मृती तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. तीत माहिती निरोधकाने वेढलेल्या विद्युत् भाराच्या रूपात राहते. वाचन व लेखन काही किलोबाइटांच्या पृष्ठांनी होते. पुसणे मात्र शेकडो पृष्ठांच्या संपूर्ण ठोकळ्याचेच होते आणि पुसल्याविना पुन्हा लिहिता येत नाही. म्हणून नियंत्रक नवी माहिती अन्य रिकाम्या पृष्ठावर लिहून जुने पृष्ठ बाद ठरवितो. वापरकर्त्याने फाइल काढून टाकली, तरी ते केवळ फाइल व्यवस्थेस ठाऊक असते. बिचारा नियंत्रक ती निरुपयोगी पृष्ठे जपत इकडून तिकडे हलवीत राहतो. त्यामुळे भरत आलेली एसएसडी मंदावते व अधिक झिजते. मोकळी झालेली जागा तीस कळविणारी ट्रिम ही आज्ञा लिनक्सच्या २.६.३३ आवृत्तीपासून (२०१०) वापरता येऊ लागली. दर वेळी ती देण्यापेक्षा एफस्ट्रिम या आज्ञावलीने आठवड्यातून एकदा देणे सोयीचे असते. अनेक वितरणांत तशी योजना आयतीच असते.

जुन्या साटा जोडणीत ३२ आज्ञांची एकच रांग असे. एनव्हीएमई मानकाने (२०११) हजारो रांगांची सोय केली व लिनक्सच्या ३.१३ आवृत्तीत (२०१४) तीस अनुरूप बहुरांगी रचना आली.

वेग मोजताना एक फसगत नेहमी होते. लिनक्स लेखन प्रथम मुख्य स्मृतीत ठेवते व सामान्यतः सु. ३० सेकंदांच्या आत संचयकाकडे धाडते. त्यामुळे ‘नक्कल पूर्ण झाली’ असे दिसताच घड्याळ थांबविल्यास मोजला जातो तो मुख्य स्मृतीचा वेग. माहिती खरोखर उतरविण्यास एफसिंक हे आवाहन करावे लागते व तेव्हाच खरा वेग कळतो.

हा भेद केवळ मोजणीपुरता नाही. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळात रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली व मंडणगड तालुक्यांतील वीजपुरवठा अनेक दिवस खंडित होता. एवढ्या काळात साठलेला भार गळत नाही. घरगुती एसएसडीने नेमून दिलेले लेखन-आयुष्य संपल्यावरही ३०° से. तापमानास वर्षभर विजेविना माहिती टिकवावी, असे जेडेक संस्थेचे मानक आहे. धोका असतो तो वीज जाण्याच्या क्षणी. मुख्य स्मृतीत व एसएसडीच्या तात्पुरत्या स्मृतीत अडकलेले लेखन तेव्हा नष्ट होते. ईएक्सटी४ ही फाइल व्यवस्था नोंदवहीच्या साहाय्याने स्वतःची रचना सावरते. न उतरलेला मजकूर तीस परत आणता येत नाही. वेगासाठी लेखनक्रमाचे अडसर काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. घरच्या वा कचेरीच्या यंत्रावर तो मुळीच मानू नये, कारण मग फाइल व्यवस्थेची रचनाच बिघडू शकते. वीज जाताच तात्पुरती स्मृती उतरविण्यापुरती ऊर्जा धारित्रांत राखणाऱ्या महागड्या एसएसडी याला अपवाद होत. इतरांनी अखंड वीजपुरवठा यंत्र जोडणे स्वस्त पडते.