निकेलचा मुलामा आणि त्याची निगा

१८७३ साली अमेरिकेत आलेल्या कोल्ट ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ या रिव्हॉल्व्हरवर पुष्कळदा निकेलचा मुलामा, म्हणजे विजेच्या साहाय्याने पोलादावर चढवलेला धातूचा पातळ थर, दिलेला असे. क्रोमची झाक निळसर, तर निकेलची किंचित पिवळसर आणि अधिक देखणी असते. या थराखाली काही वेळा तांब्याचे अस्तर असते, आणि नळीतील तांब्याचा मळ काढणारे अमोनियायुक्त द्रावण बारीक चिरेतून तिथवर झिरपले, तर अस्तर विरघळून वरचे निकेल पापुद्र्यासारखे सुटते. म्हणून शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून ते सौम्य तेल लावलेल्या मऊ सुती कापडाने पुसावे. खरखरीत पॉलिशने कोरीव अक्षरांच्या कडा आधी झिजतात. चामड्याच्या खोळीत ते कायमचे ठेवणे तर टाळावेच, कारण चामडे ओल धरून ठेवते.